सोरायसिसच्या चट्ट्यातले मेदसंदेशक : कारण, परिणाम की दोन्ही?

अर्थवेध

सोरायसिसवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक "प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते" इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२३ ही दाहाचे निरोप देणाऱ्या प्रथिनांची नावं आता रुग्णांनाही पाठ झाली आहेत, कारण नवी इंजेक्शनं त्यांच्यावरच नेम धरतात. पण त्याच चट्ट्यात रेणूंचा आणखी एक मोठा गोतावळा राबत असतो. हे रेणू प्रथिनं नव्हेत, ते मेदापासून बनतात. प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्राईन, एचईटीई, पीएएफ ही त्यांची नावं. वेदनाशामक गोळीनंतर काहींचे चट्टे का भडकतात, माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनी खरंच फरक पडतो का, हे प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात आणि त्यांची उत्तरं या रेणूंपाशी येतात. म्हणून हा धागा.

सुरुवात अ‍ॅराकिडॉनिक आम्लापासून. हे २० कार्बनचं, चार दुहेरी बंध असलेलं मेदाम्ल. एरवी ते प्रत्येक पेशीच्या पटलात बांधलेलं असतं आणि बांधलेलं असेपर्यंत गप्प असतं. पेशीला इजा झाली किंवा दाहाचा इशारा मिळाला की फॉस्फोलायपेज ए२ नावाचं एन्झाइम ते पटलातून तोडून मोकळं करतं. मोकळं झालं की त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. सायक्लोऑक्सिजिनेज, म्हणजे कॉक्सच्या वाटेने गेलं तर प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. लायपॉक्सिजिनेजच्या वाटेने गेलं तर ल्युकोट्राईन आणि एचईटीई. हे संदेशक साठवून ठेवले जात नाहीत. गरज पडेल तेव्हा जागच्या जागी बनतात, शेजारच्या पेशींना निरोप देतात आणि थोड्याच वेळात मोडून जातात. रक्त तपासून त्यांचा नीट माग लागत नाही तो यामुळेच.

१९७५ साली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतला बेंग्ट सॅम्युअलसन यांचा गट आणि अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले जॉन व्हूरहीस यांनी सोरायसिसच्या रुग्णांची चट्ट्यातली बाह्यत्वचा आणि त्याच रुग्णांची चट्टा नसलेली बाह्यत्वचा यांची तुलना केली. चट्ट्यात मोकळं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुमारे २६ पट निघालं आणि १२-एचईटीई सुमारे ८२ पट. प्रोस्टाग्लँडिन मात्र दुपटीपर्यंतही पोचले नव्हते. माझ्या मते सगळी गोम या विषमतेत आहे. कच्चा माल भरमसाठ मोकळा होतोय, कॉक्सची वाट जेमतेम वाढली आहे आणि लायपॉक्सिजिनेजची वाट दुथडी भरून वाहते आहे. सॅम्युअलसन यांना पुढे १९८२ मध्ये सुने बर्गस्ट्रॉम आणि जॉन व्हेन यांच्यासोबत प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

या १२-एचईटीईची पुढची हकीकत मला फार आवडते. आपल्या रक्तातल्या बिंबिका जे १२-एचईटीई बनवतात ते 'एस' प्रकारचं असतं. सोरायसिसच्या खपल्यांमध्ये मात्र प्रामुख्याने 'आर' प्रकार सापडला, म्हणजे तोच रेणू पण आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा. मनुष्याच्या शरीरात असं एन्झाइम असेल अशी तेव्हा कुणाची अपेक्षा नव्हती. १९९८ मध्ये ते सापडलं : १२आर-लायपॉक्सिजिनेज. आणि मग २००२ मध्ये आणखी एक गोष्ट कळली. ज्या बाळांमध्ये या एन्झाइमच्या जनुकाच्या, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांना जन्मजात इक्थिओसिस होतो, सगळी त्वचा कोरडी आणि खवल्यांची होते. त्वचेचा जलरोधक थर जुळवायला हे एन्झाइम लागतंच. म्हणजे चट्ट्यात ज्याचं उत्पादन इतकं वाढलंय, ते यंत्र निरोगी त्वचेचंही आधारभूत यंत्र आहे. "हे वाढलंय ना, मग बंद करून टाका" असं म्हणायची सोय उरत नाही.

दुसरा महत्त्वाचा रेणू ल्युकोट्राईन बी४. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारा हा अत्यंत प्रभावी संदेशक. सोरायसिसच्या खपल्यांमध्ये तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सापडला. त्यानंतर निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेवर तो नुसता वरून लावून पाहिला, तर बाह्यत्वचेत न्यूट्रोफिलचे बारीक पुंजके तयार झाले. सोरायसिसची बायोप्सी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला हे चित्र ओळखीचं असतं. तिथे अशाच पुंजक्यांना मन्रोचे सूक्ष्मगळू म्हणतात.

इतका सरळ पुरावा मिळाल्यावर औषध हाताशी आलं असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. ल्युकोट्राईन बी४ चा ग्राहक, म्हणजे पेशीवरची त्याचा निरोप घेणारी जागा, अडवणाऱ्या गोळ्या सोरायसिसच्या रुग्णांवर तपासल्या गेल्या आणि फायदा दिसला नाही. पीएएफ या दुसऱ्या मेदसंदेशकाचंही तेच. तोही खपल्यांत सापडला होता, त्याला अडवणारं औषध वरून लावूनही चट्टे हलले नाहीत.

हे असं का झालं असावं यावर मला इथल्या जाणकारांचं मत वाचायला आवडेल. माझं मत खाली प्रतिसादांत मांडतो.

मृण्मयी

धागा वाचनखुणेत साठवला. बरीच वर्षं सोरायसिस आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ जवळची वाटली. तुम्ही वेदनाशामकांचा उल्लेख केलात, त्याबद्दल विचारायचंय. कंबरदुखीसाठी गोळ्या सुरू झाल्या आणि कोपरांवरचे शांत झालेले चट्टे पुन्हा लाल झाले, खाजही वाढली. गोळ्या लिहून देणाऱ्यांनी "त्याचा याच्याशी संबंध नाही" म्हणून विषय संपवला. खरंच संबंध नसतो का?

अर्थवेध

मृण्मयी, संबंध असू शकतो, आणि त्याचं स्पष्टीकरण वरच्या दोन वाटांतच आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, इंडोमेथॅसिन ही औषधं कॉक्सची वाट अडवतात. पण पटलातून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुटणं त्यांनी थांबत नाही. एका पाटाचं दार लावलं की पाणी दुसऱ्या पाटात शिरतं, तसं ते लायपॉक्सिजिनेजकडे वळतं आणि ल्युकोट्राईन वाढतात. सोरायसिसमध्ये तो पाट आधीच तुडुंब असतो. शिवाय प्रोस्टाग्लँडिन ई२ काही पेशींमध्ये ल्युकोट्राईनच्या निर्मितीला लगाम घालतं, तो लगामही सैल होतो.

आता दुसरी बाजू. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं असलं तरी प्रत्येक रुग्णाला तसं होत नाही, बहुतेकांना ही औषधं काही त्रास न देता चालतात. सोरायसिसच्या सांधेदुखीत तर ती नेहमी दिली जातात आणि त्यांनी आराम पडतो. म्हणून "सोरायसिस असेल तर वेदनाशामक वर्ज्य" असा नियम कुणी करू नये. तुमच्या बाबतीत गोळी आणि चट्टे यांची वेळ जुळते आहे, तर ते तारखांसह त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पर्याय असतात आणि ठरवणं त्यांचं काम आहे.

यापेक्षा ज्यांचा संबंध अधिक पक्का मानला जातो अशी औषधं म्हणजे लिथियम, बीटा ब्लॉकर आणि मलेरियाविरोधी औषधं. आणि पोटात घेतलेली स्टिरॉइड एकदम बंद करणं. हे शेवटचं फार धोक्याचं आहे. त्यातून अंगभर पूयुक्त फोड येऊ शकतात आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. यातलं कुठलंही औषध चालू असेल तर ते स्वतःहून सोडू नका, आधी विचारा.

सव्यसाची

लेख माहितीपूर्ण आहे, पण मूळ भूमिकेशी असहमत. चट्ट्यात एखादा रेणू ८२ पट सापडला म्हणजे तो आजार घडवतो हे सिद्ध होत नाही. सोरायसिसमध्ये बाह्यत्वचेच्या पेशी तळापासून वर यायला महिनाभराऐवजी काही दिवसच घेतात. इतक्या घाईत घडलेल्या पेशींमध्ये मेदाचा हिशेब बिघडणारच. आणि निर्णायक पुरावा उपचारांचा असतो. इंटरल्युकिन-१७ किंवा २३ अडवलं की बहुसंख्य रुग्णांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होते. ल्युकोट्राईन बी४ अडवलं तर काहीच होत नाही. माझ्या दृष्टीने निकाल लागलेला आहे : मेदसंदेशक हा परिणाम आहे.

अर्थवेध

सव्यसाची, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सापडणं आणि घडवणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र वाद घालतो.

ल्युकोट्राईन बी४ चा ग्राहक अडवून उपयोग झाला नाही यातून इतकंच निघतं की तो एकटा अपरिहार्य नाही. न्यूट्रोफिलना बोलावणारे चट्ट्यात इतरही आहेत : इंटरल्युकिन-८, पूरक प्रथिनांपैकी सी५ए. एकाचा आवाज बंद केला तर बाकीचे हाका मारतच राहतात. उंदरांवर इमिक्विमॉडचं मलम लावून सोरायसिससारखा दाह निर्माण करतात, त्या प्रयोगांत ल्युकोट्राईन बी४ चा ग्राहक आणि सीएक्ससीआर२ हा केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनांचा) ग्राहक परस्परांना पूरक ठरताना दिसले. उंदराचा दाह म्हणजे माणसाचा सोरायसिस नव्हे हे खरं, पण तर्काची दिशा कळते.

आणि "परिणाम" म्हटल्यावर बाण एकाच दिशेने जातो असं गृहीत धरलं जातं. इथे तो परत फिरतो. प्रोस्टाग्लँडिन ई२ डेंड्रायटिक पेशींकडून (टी पेशींना शत्रू दाखवणाऱ्या पेशी) इंटरल्युकिन-२३ जास्त करवून घेतं, आणि इंटरल्युकिन-२३ च्या जोडीने टी पेशी या प्रतिकारक पेशींवरच्या ईपी२ व ईपी४ ग्राहकांमार्फत टीएच१७ या इंटरल्युकिन-१७ सोडणाऱ्या टी पेशींची वाढ करतं. २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या इंटरल्युकिन-२३ आणि १७ च्या साखळीचा तुम्ही दाखला देताय, तिच्या मुळाशी मेदसंदेशक खतपाणी घालतोय. इंटरल्युकिन-१७ पुढे बाह्यत्वचेच्या पेशींना चिथावतं, त्या आणखी न्यूट्रोफिल बोलावतात आणि न्यूट्रोफिल स्वतः ल्युकोट्राईन बी४ बनवतात. हे चक्र आहे. त्यात इंटरल्युकिन-१७ पाशी कापलं तर चक्र थांबतं, ल्युकोट्राईनपाशी कापलं तर वळसा घालून चालू राहतं. यावरून कापायची योग्य जागा कळते. बाकीचे दुवे निरुपयोगी आहेत असं त्यातून निघत नाही.

सव्यसाची

चक्राचा मुद्दा पटला. "परिणाम" ऐवजी "वर्धक" म्हणायला मी तयार आहे. पण रुग्णाच्या दृष्टीने आज उपचार इंटरल्युकिनचेच, हेही लिहा.

अर्थवेध

निःसंशय. मध्यम ते तीव्र आजारात आज हाती असलेले सर्वांत परिणामकारक उपचार तेच आहेत.

शलाका

मी मेदांचं पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून मोजणीबद्दल थोडं.

त्वचेचा तुकडा काढला की त्या इजेनेच फॉस्फोलायपेज जागं होतं आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुटू लागतं. नमुना गोठवायला उशीर झाला तर आजारात काय होतं याऐवजी कापल्यावर काय होतं तेच आपण मोजत बसतो. म्हणून नमुना तत्क्षणी गोठवावा लागतो, एन्झाइम थोपवणारी रसायनं आधीच तयार ठेवावी लागतात. खपल्यांची अडचण निराळी. त्या मृत पेशींच्या असतात, हवेतला ऑक्सिजन त्यांच्यावर काम करत असतो आणि काही ऑक्सिडीकृत मेद एन्झाइमशिवायही बनतात. आर आणि एस यांचं प्रमाण इथे उपयोगी पडतं. हवेने ऑक्सिडीकरण झालं तर दोन्ही साधारण समसमान बनतात. एकच प्रकार ठळकपणे जास्त असेल तर त्यामागे एन्झाइमचा हात आहे हे कळतं. म्हणून अर्थवेध यांनी सांगितलेला 'आर' प्रकाराचा शोध केवळ रंजक नव्हता, तो खपल्यांमधल्या मोजमापाला विश्वासार्हता देणारा होता.

आता मास स्पेक्ट्रोमेट्रीने एका छोट्या नमुन्यात कितीतरी मेदसंदेशक एकदम मोजता येतात. एकेकट्या रेणूपेक्षा त्यांचं परस्परांशी असलेलं प्रमाण पाहणं मला जास्त फलदायी वाटतं.

रानवारा

माशाच्या तेलाचं काय? माझ्या धाकट्या भावाला कुणीतरी सांगितलं की ओमेगा-३ घेतलं की सोरायसिस मुळापासून जातो. तो लावलेली मलमं सोडायच्या गोष्टी करतोय.

अर्थवेध

रानवारा, आधी भावाला मलमं सोडू देऊ नका. मग हे वाचायला द्या.

कल्पना चांगल्या पायावर उभी होती. ग्रीनलंडमधल्या उपरनाविक जिल्ह्यात १९५० ते १९७४ या काळातल्या आजारांची मोजदाद झाली. डेन्मार्कच्या प्रमाणात पाहिलं तर तिथे सोरायसिसचे ४० च्या आसपास रुग्ण अपेक्षित होते, नोंदले गेले फक्त २. तिथल्या इन्युइट लोकांच्या जेवणात सागरी मेद भरपूर. त्या मेदातलं ईपीए हे ओमेगा-३ गटातलं, तेही २० कार्बनचंच मेदाम्ल, पण त्यात दुहेरी बंध पाच. ते पटलात अ‍ॅराकिडॉनिक आम्लाची जागा घेतं आणि त्याच्यापासून ल्युकोट्राईन बी५ बनतं, जे न्यूट्रोफिल बोलावण्यात बी४ पेक्षा कितीतरी दुबळं असतं. अर्थात एका छोट्या लोकसमूहात आनुवंशिकता, नोंदींची पद्धत, डॉक्टरपर्यंत पोचण्याची सोय हे सगळंच वेगळं असतं. म्हणून त्या आकड्यावरून फक्त प्रश्न विचारता येतो.

तो प्रश्न चाचण्यांनी विचारला. १९८८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २८ रुग्णांची दुहेरी अंध चाचणी (कुणाला काय दिलंय हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसलेली) आली. ८ आठवडे रोज १० कॅप्सूल, म्हणजे १.८ ग्रॅम ईपीए. खाज, लाली आणि खपल्या कमी झाल्या. सगळीकडे आशा पसरली. मग १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १४५ रुग्णांची चाचणी आली, ४ महिने, रोज ६ ग्रॅम ओमेगा-३, तुलनेला मक्याचं तेल. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. १९९८ मध्ये रुग्णालयात दाखल केलेल्या ८३ रुग्णांना शिरेतून ओमेगा-३ चं पायस (इमल्शन) दिलं, तिथे मात्र ओमेगा-६ च्या पायसापेक्षा सुधारणा जास्त झाली. शिरेतून एकदम मोठी मात्रा जाते, पटलांमधलं प्रमाण झपाट्याने बदलतं. कॅप्सूलने तेवढा बदल होत नसावा असं मला वाटतं.

तेव्हा कॅप्सूलने काहींना खाज थोडी कमी वाटू शकते, पण "मुळापासून जातो" हा दावा निखालस खोटा आहे. सोरायसिस आटोक्यात राहतो, दीर्घकाळ शांतही राहतो, पण त्याला मुळापासून घालवणारं काही आज उपलब्ध नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मोठ्या मात्रेत माशाचं तेल घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. वनस्पतींमधलं ओमेगा-३ हे वेगळं मेदाम्ल आहे, त्यातला फार थोडा भाग शरीरात ईपीए होतो. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याने मात्र चट्ट्यांवर खरा परिणाम होतो, त्याचा पुरावा कॅप्सूलपेक्षा बळकट आहे.

रानवारा

मनापासून आभार. भावाला धागा पाठवला आहे.

पुनर्वसू

दाह शमवणाऱ्या मेदसंदेशकांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. दाह आपोआप विझतो असं पूर्वी मानत. चार्ल्स सेरहान सॅम्युअलसन यांच्याकडेच काम करत होते, तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी लायपॉक्सिन शोधले. पुढे ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांपासून बनणारे रिझॉल्व्हिनही त्यांच्याच गटाने शोधले. हे संदेशक न्यूट्रोफिलची आवक थांबवतात आणि मृत पेशींची सफाई करवून घेतात, म्हणजे दाह संपवणं हीसुद्धा शरीराची एक सक्रिय प्रक्रिया ठरली. उंदरांमध्ये रिझॉल्व्हिन ई१ ने इमिक्विमॉडचा दाह कमी झालेला दिसला आहे. माणसासाठी औषध अजून दूर आहे, पण सोरायसिसचा चट्टा महिनोन्‌महिने का मावळत नाही हा प्रश्न "दाह का पेटला" इतकाच महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

शलाका

पुनर्वसू, सहमत, एक सावधगिरीची नोंद. मानवी ऊतकांत रिझॉल्व्हिनची मात्रा इतकी सूक्ष्म असते की ती खात्रीने मोजली गेली आहे का यावर आमच्या क्षेत्रात गंभीर मतभेद आहेत.

मृण्मयी

बेनॉक्साप्रोफेन नावाचं औषध सोरायसिसवर चाललं होतं असं कुठेतरी वाचलं होतं. ते का दिसत नाही आता?

अर्थवेध

ते मूळ सांधेदुखीचं औषध. इतर वेदनाशामकांपेक्षा वेगळं, कारण लायपॉक्सिजिनेजची वाटही ते अडवतं असं मानलं जाई. सोरायसिसच्या रुग्णांमध्ये सुधारणा झाल्याचे अहवालही आले. पण यकृतावरच्या गंभीर दुष्परिणामांमुळे, विशेषतः वयस्कर रुग्णांच्या मृत्यूंमुळे, १९८२ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं. त्यामुळे दोन्ही वाटा एकदम अडवण्याची कल्पना सोरायसिसमध्ये मोठ्या प्रमाणावर तपासलीच गेली नाही. मला याची हळहळ वाटते, कारण एकच ग्राहक अडवण्यापेक्षा ती कल्पना वरच्या चक्राला जास्त भिडणारी होती.

स्टिरॉइडची मलमं हे काम काही अंशी करतात. ती अनेक जनुकांवर परिणाम करतात, त्यात अ‍ॅनेक्सिन ए१ हे प्रथिन वाढवणंही आलं आणि ते फॉस्फोलायपेज ए२ ला आवर घालतं. म्हणजे दोन्ही वाटांच्या आधीच अडथळा. पण स्टिरॉइडचे हातपाय सगळीकडे पसरलेले असतात, त्वचा पातळ होणं त्यातूनच येतं.

सव्यसाची

एक प्रश्न उरतो. फॉस्फोलायपेज सगळ्यांच्याच त्वचेत असतं. सोरायसिसच्या रुग्णात त्याचं वेगळं काय?

शलाका

याचं एक सुंदर उत्तर २०१६ मध्ये आलं. फॉस्फोलायपेज ए२ ची अनेक भावंडं आहेत. त्यातलं पीएलए२जी४डी हे निरोगी त्वचेत फारसं दिसत नाही, सोरायसिसच्या चट्ट्यात मात्र मास्ट पेशी या प्रतिकारक पेशींमध्ये सापडतं. या मास्ट पेशी ते सूक्ष्म पुटिकांत भरून बाहेर सोडतात, त्या पुटिका शेजारच्या पेशींपर्यंत पोचतात आणि तिथे मेद तोडून नवी मेदाम्लं मोकळी करतात. ही मेदाम्लं सीडी१ए या रेणूवर बसवून टी पेशींना दाखवली जातात आणि सोरायसिसच्या रुग्णांच्या टी पेशी त्यांना ओळखून इंटरल्युकिन-१७ आणि २२ सोडतात. म्हणजे इथे मेद हा निरोप्या राहत नाही, प्रतिकारशक्ती ज्याला शत्रू समजते ते लक्ष्यच तो होतो. सीडी१ए त्वचेतल्या लँगरहान्स या प्रतिकारक पेशींवर भरपूर असतो आणि माणसामाणसांत फारसा बदलत नाही, त्यामुळे औषधाच्या दृष्टीने त्याच्यावर नजर ठेवण्यासारखी आहे. एक अडचण अशी की साध्या उंदरांमध्ये सीडी१ए नसतोच, त्यासाठी मानवी जनुक घातलेले उंदीर वापरावे लागतात.

पुनर्वसू

मेदमार्गावर नेम धरून माणसात यश आल्याचं एक उदाहरण आहे. स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा मेदसंदेशक लसीका पेशींना लसीकाग्रंथींमधून बाहेर पडायला लावतो. पोनेसिमॉड ही गोळी त्याच्या ग्राहकावर काम करून त्या पेशींना ग्रंथीतच रोखते. २०१४ च्या 'लॅन्सेट'मधल्या चाचणीत १६ आठवड्यांनी ७५ टक्के सुधारणा गाठणारे रुग्ण २० मिलिग्रॅमच्या गटात ४६ टक्के होते, ४० मिलिग्रॅमच्या गटात ४८ टक्के आणि प्लासिबोच्या गटात सुमारे १३ टक्के. ते औषध पुढे २०२१ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससाठी मान्य झालं, सोरायसिससाठी नाही. तोवर इंटरल्युकिनविरोधी इंजेक्शनं यापेक्षा कितीतरी वरचे आकडे दाखवू लागली होती.

सव्यसाची

म्हणजे मेदमार्ग सोरायसिसमध्ये निरुपयोगी ठरलेला नाही, स्पर्धेत मागे पडला. हा फरक मला आज कळला. सीडी१ए वर वेगळा धागा काढा, शलाका.

शलाका

काढते. त्यात मास्ट पेशींबद्दलही सविस्तर लिहीन.